परदेशात जाऊन सायकल शिकली

कळंबच्या एस.टी. थांब्यावरून मंचरच्या बाजूला थोडं पुढं आलं की हनुमंत रोकडेचं दुकान लागतं. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की लोक त्या पिकअपमध्ये घालून इथं आणून टाकतात. हनुमंत जळकी तार काढतो, नवी भरतो आणि मोटार पुन्हा विहिरीवर जाते. दुकानात कायम वार्निशचा वास असतो. या वासात त्याची एकुलती एक मुलगी यशोधरा लहानाची मोठी झाली. ती तारेच्या रिकाम्या रिळांवर बसून पाढे पाठ करायची आणि समोरच्या रस्त्यावरून कांद्याचे ट्रक नाशिककडं, पुण्याकडं धावत असायचे.

यशोधरा पुण्याला कृषी महाविद्यालयात अन्नप्रक्रिया शिकत होती. तिसऱ्या वर्षाला असताना तिची निवड एका सेमिस्टरसाठी नेदरलँड्सला झाली. खर्च शिष्यवृत्तीतून होणार होता. विषय होता बटाट्याची साठवण. मंचरच्या बाजाराजवळ वाढलेल्या मुलीला बटाटा काही नवा नव्हता, पण बटाट्यासाठी विमानात बसायला मिळेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

बातमी गावात पसरली तशी विहारात सभा झाली. यशोधराला शाल दिली, फुलं दिली. जो उठला तो एकच बोलला, की बाबासाहेब बोटीनं गेले होते, अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, उपाशीपोटी वाचायचे. पोरी, तूपण तसंच कर. हनुमंतला बोलायला उभं केलं, तर तो माइक हातात धरून नुसता उभा राहिला आणि "जय भीम" म्हणून खाली बसला. तिची आई जानका मात्र घरी आल्यावर शेंगदाण्याची चटणी कांडायला बसली ती बॅग भरेपर्यंत उठलीच नाही.

यशोधराच्या डोक्यात परदेशातल्या शिक्षणाचं चित्र हे असं होतं. मोठी लायब्ररी, थंडी, अंगावर कोट, पुढ्यात पुस्तकांची चळत आणि त्यात बुडालेली आपण.

फेब्रुवारीत ती त्या छोट्या शहरात पोहोचली. थंडी होती, लायब्ररीही होती. पण होस्टेल शहराच्या एका टोकाला आणि कॉलेज दुसऱ्या. मधे बस होती, तिला घाई नव्हती. बाकी सगळं शहर सायकलवर. म्हाताऱ्या बायका सायकलवर, कोट-टाय घातलेले प्राध्यापक सायकलवर, पुढच्या पेटीत दोन-दोन लेकरं बसवलेल्या आया सायकलवर.

कॉलेजच्या ऑफिसातल्या माणसानं पहिल्याच दिवशी विचारलं, "सायकल घेतलीस का?"

"मला सायकल येत नाही," यशोधरा म्हणाली.

त्याला वाटलं, हिला प्रश्न कळला नाही. त्यानं हाताची दोन चाकं करून, सावकाश, पुन्हा विचारलं. यशोधरानंही सावकाश, पुन्हा तेच उत्तर दिलं. तो बिचारा गोंधळला. एकवीस वर्षांच्या धडधाकट मुलीला सायकल येत नाही, हे त्यानं बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं होतं.

येत नव्हती, कारण हनुमंतच्या घरात सायकल हा शब्दच कुणी काढत नसे. हनुमंतचा थोरला भाऊ भागू सकाळी सायकलला किटल्या अडकवून डेअरीला दूध घालायला जायचा. एका सकाळी हायवेवर त्याला ट्रकनं उडवलं. हनुमंत तेव्हा दहावीत होता. निरोप आला तसा तोच सगळ्यांच्या आधी पळत गेला. रस्त्यावर दूध सांडलेलं होतं. त्यानंतर त्या घरात सायकल आली नाही. वर्गातल्या सगळ्या मुली सायकलवर शाळेत यायच्या, यशोधरा आईच्या नाहीतर बापाच्या मागं चालत. पुढं मंचरला जायचं झालं तर एस.टी., नाहीतर वडापची जीप. तिनं कधी हट्ट केला नाही. भागूकाकाचा फोटो घरात होता, त्याच्यासमोर कसला हट्ट करणार?

तर यशोधरा परदेशात चालू लागली. पुलांवरून, कालव्यांच्या कडेनं, तोंडावर वारा घेत. वर्गातली मुलं घंटी वाजवून हात करून पुढं जायची आणि ती पोहोचेपर्यंत त्यांची कॉफी पिऊन झालेली असायची. एकदा सगळा गट शहराबाहेरचं बटाट्याचं गोदाम बघायला निघाला. सगळे सायकलवर. एका मुलीनं यशोधराला मागं बसवलं. ती डोळे गच्च मिटून बसली आणि त्या मुलीचं जॅकेट असं धरलं की गोदाम आल्यावर तिची बोटं सोडवावी लागली. परत येताना ती म्हणाली, "मी चालत येते, तुम्ही व्हा पुढं." होस्टेलवर येईपर्यंत पाय सुजले. त्या दिवशी तिला स्वतःचा राग आला.

पुढच्या आठवड्यात लायब्ररीच्या फळ्यावर तिला एक जाहिरात दिसली. बाहेरच्या देशांतून आलेल्या बायकांसाठी सायकलचे वर्ग, शनिवारी सकाळी, प्राथमिक शाळेच्या मैदानात. तिनं दोनदा वाचलं. घरी विचारायचं तर उत्तर माहीत होतं. तिनं विचारलं नाही.

शनिवारी ती गेली. मैदानात दहा-बारा बायका होत्या. कुणी सीरियाची, कुणी तुर्कस्तानची, बहुतेक लेकुरवाळ्या, सगळ्यांत लहान यशोधराच. शिकवणाऱ्या बाईंचं नाव आनेके. आयुष्यभर पोस्टाचं टपाल सायकलवरून वाटून निवृत्त झालेल्या, उंच, काटक. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्या सायकलींची पायडलं काढून ठेवली आणि सांगितलं, "बसा आणि जमिनीला पाय मारत पुढं जा. लहान मुलं करतात तसं."

बायका लाजल्या. मग एक जाडजूड सोमाली बाई पुढं झाली. तिनं पायघोळ झग्याचा ओचा खोचला, सायकलवर बसली आणि दोन्ही पायांनी जमीन रेटत, मोठमोठ्यानं हसत मैदानभर फिरून आली. तिचं नाव फातुमा. पन्नाशीची, एका शाळेत साफसफाईचं काम करणारी. तिला पाहून सगळ्यांची भीड गेली.

थकून कट्ट्यावर बसल्यावर फातुमानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "तू इथं काय करतेस?"

"शिकायला आलेय."

"काय?"

"बटाटा."

फातुमा तिच्याकडं बघतच राहिली. "बटाटा शिकायला इतक्या लांब आलीस?"

"आणि तू सायकल शिकायला?" यशोधरा म्हणाली. त्यावर दोघी इतक्या हसल्या की आनेकेबाई काय झालं म्हणून बघायला आल्या.

घरी रोज फोन व्हायचा. यशोधराच्या जेवणाच्या सुट्टीत हनुमंतच्या दुकानात चहाची वेळ असायची. हनुमंत फोन तारेच्या रिळाला टेकवून ठेवायचा आणि गुंडाळता गुंडाळता बोलायचा.

"जय भीम. आब्यास काय म्हन्तोय?"

"चाललाय पप्पा."

"शनवारी फोन लागला न्हाई तुजा."

"लायब्ररीत होते."

हे म्हणताना तिला कसंतरीच व्हायचं. एक तर खोटं बोलणं. आणि दुसरं, विहारातली ती भाषणं आठवायची. ज्या घरात परदेशी शिक्षण म्हणजे उपाशीपोटी केलेली तपश्चर्या, त्या घरातली मुलगी शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानात सायकलवरून पडत होती आणि खरं सांगायचं तर आठवडाभर त्या शनिवारचीच वाट बघत होती.

चौदा एप्रिलला कळंबवरून फोन आला तेव्हा मागं एवढा मोठा डीजे होता की कुणाचंच काही कळेना. हनुमंतचा निळा फेटा, आईची नवी साडी, मिरवणुकीतली निळी निशाणं, सगळं थरथरत्या स्क्रीनवर दिसलं आणि फोन बंद झाला. यशोधराला खोलीत बसवेना. तिनं होस्टेलच्या स्वयंपाकघरात रव्याचे लाडू केले. रवा जरा जाडच निघाला. ते लाडू तिनं शनिवारी मैदानावर नेले.

"कुणाचा वाढदिवस?" फातुमानं विचारलं.

यशोधरानं जमेल तसं सांगितलं. "आमच्याकडच्या एका माणसाचा. आमच्या लोकांना शाळेत बाहेर बसवायचे, तेव्हा तो शिकला. पुढं बोटीतून परदेशात गेला, खूप शिकला."

"मग तिकडंच राहिला?"

"नाही. परत आला. म्हणून तर आम्ही सगळे शाळेत गेलो."

फातुमानं आणखी एक लाडू उचलला आणि रुमालात बांधला. "हा माझ्या मुलीला," ती म्हणाली. "तिला सांगते."

मे महिन्यात पायडलं लागली, आनेकेबाईंनी सरावासाठी एकेक सायकल घरी न्यायला दिली आणि सगळ्यांना रस्त्यावर काढलं. तिकडच्या सायकलींची एक गंमत असते. बऱ्याच सायकलींच्या हँडलला ब्रेक नसतो. पायडल मागं मारलं की सायकल थांबते. यशोधराला हे माहीत होतं, मैदानात जमतही होतं. पण कालव्याच्या कडेनं जाताना एक बदकीण पिलांची रांग घेऊन रस्त्यावर उतरली आणि यशोधराचे हात ब्रेक शोधू लागले. ब्रेक सापडला नाही. सायकल गवतात गेली आणि ती कुंपणावर. हनुवटी फुटली, तळहात सोलवटले. बदकीण पिलं घेऊन ऐटीत पाण्यात उतरली. फातुमानं आपल्या डोक्याचा जादाचा रुमाल काढून तिच्या हनुवटीला बांधला आणि दवाखान्यापर्यंत तिचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी फोनवर आईनंच आधी पाहिलं. "आगं, हनुवटीला काय लागलंय?"

"जिन्यावरून पडले."

"आवं, हिकडं या, बगा पोरगी पडलीया."

हनुमंतनं चष्मा लावला, फोन जवळ घेतला. "हात दाव." तिनं दाखवले. तो बराच वेळ बघत होता. "जिन्यावनं पडल्यावर हात आसं खरचटत न्हाईत. काय झालं खरं सांग."

यशोधरानं सांगितलं. सगळंच सांगितलं, पहिल्या शनिवारपासून. हनुमंतनं फोन काउंटरवर ठेवला. तिला स्क्रीनवर दुकानाचे पत्रे आणि फिरणारा पंखा दिसत राहिला. थोड्या वेळानं आईचा चेहरा आला. "गेलं ते भाईर," ती हळूच म्हणाली. "तू जेवलीस का?"

दोन दिवस हनुमंत फोनवर आला नाही. आई सांगायची, दुकानात आहेत, मोटार भरतायत, बोलत नाहीत. यशोधरा वर्गात बसायची पण लक्ष नसायचं. आता यापुढं सायकलला हात लावायचा नाही, असं तिनं ठरवूनही टाकलं.

तिसऱ्या दिवशी ती होस्टेलवरच होती, तेव्हा चहाच्या वेळी फोन वाजला.

"जय भीम," हनुमंत म्हणाला. "ब्रेक कसला हाय तिला?"

"पप्पा, ब्रेक नाहीये. पायडल मागं मारलं की थांबते."

"मागं पायडल मारलं की थांबती?" हनुमंत पुढं सरकला. "मंग साखळी पडली म्हंजी?"

"मग थांबत नाही बहुतेक."

"आसली कसली सायकल! दाव बरं."

तिनं होस्टेलच्या खालच्या स्टँडवर जाऊन सायकल दाखवली. मागचं चाक, साखळी, चाकाच्या मधला ब्रेकचा कप्पा. हनुमंत विचारत गेला, ती दाखवत गेली. शेवटी तो रिळाकडं बघत म्हणाला, "भागूदादाच्या सायकलीचा ब्रेक चांगला व्हता. म्या सोता बशीवलेला. ब्रेक ट्रकवाल्यानं दाबला न्हाई." ही गोष्ट बापाच्या तोंडून यशोधरानं पहिल्यांदाच ऐकली होती. मग त्यानंच विचारलं, "तितं ट्रक लागत्यात का तुमच्या रस्त्याला?"

"नाही पप्पा. सायकलचा रस्ताच वेगळा आहे. मधे गवत, झाडं. ट्रक पलीकडच्या रस्त्याला."

"दाव."

मग ती एका हातानं सायकल आणि दुसऱ्या हातानं फोन धरून त्या तांबड्या रस्त्यावरून चालत गेली. कळंबला दुकानात मोटार न्यायला आलेली दोन-तीन माणसं होती, तीही फोनभोवती गोळा झाली. तिला त्यांचे आवाज येत होते.

"राव, येवडा रोड निस्ता सायकलीला?"

"मंचरच्या चौकात ट्रकला न्हाई येवडी जागा."

"खड्डा दिसतोय का बग कुठं."

"हनुमंतभाऊ, पोरीला म्हनावं, येताना ह्यो रोडच घिऊन ये."

सगळे हसले. हनुमंतही हसला. "बरं," तो शेवटी म्हणाला, "चालव. पन डोक्यात हेल्मेट पायजे."

"इथं कुणीच घालत नाही पप्पा."

"तितल्या कुनाचा बाप म्या न्हाई. तू घाल."

अशी त्या शहरात हेल्मेट घालून सायकल चालवणारी एकच मोठी मुलगी दिसू लागली. लोक वळून बघायचे. पुढच्या शनिवारी फातुमाही हेल्मेट घालून आली, रुमालावरून, नारिंगी रंगाचं. "तुझ्या वडिलांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "माझं डोकंही एकच आहे."

जून संपत आला तशी परीक्षा झाली, निकालही लागला. यशोधरा सगळ्या विषयांत पास झाली होती, साठवणुकीच्या प्रकल्पाला तर चांगलेच मार्क होते. जाण्याआधीच्या शनिवारी आनेकेबाईंनी सगळ्या बायकांना सायकलवरून समुद्रावर नेलं. वाळूच्या टेकड्यांमधून वर चढताना दम लागला, उतारावर मात्र पाय उचलून धरायचे आणि ओरडायचं. तिथं प्रत्येकीनं डबे उघडले. यशोधरानं उरलेली शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती आनेकेबाईंनी जॅमसारखी पावाला लावली आणि नंतर कितीतरी वेळ पाणी पीत राहिल्या.

बाकीच्या पाण्यात पाय बुडवायला गेल्या तेव्हा यशोधरा टेकडीवर बसून राहिली. आता चार-पाच दिवसांत घरी. विहारात लोक पुन्हा बसतील, विचारतील, काय शिकलीस? बटाटा किती अंशावर ठेवला की कोंब येत नाही, हे ती सांगू शकली असती. ते तिला खरंच आलं होतं. पण या सेमिस्टरचं नाव काढलं की आधी मनात यायचा तो उतार, ती बदकीण, ते नारिंगी हेल्मेट. आजवर कुठंही जायचं म्हणजे एस.टी.ची वाट बघायची, वडाप भरायची वाट बघायची, पप्पांना वेळ होण्याची वाट बघायची. इथं एका फाट्यावर पहिल्यांदा तिनं डावीकडं जायचं का उजवीकडं हे स्वतःचं स्वतः ठरवलं होतं. डावीकडं काही नव्हतं, नुसती मेंढ्यांची कुरणं होती. तरी ती परत आली तेव्हा कसलं तरी बक्षीस मिळाल्यासारखी आली होती. हे विहारात कसं सांगायचं? ज्यांनी बोटीनं जाऊन एवढं केलं, त्यांचं नाव घ्यायचं आणि आपण म्हणायचं, मी मेंढ्या बघून आले?

तिनं तिथूनच घरी फोन लावला. आधी समुद्र दाखवला. आई म्हणाली, "लई गार दिसतंय गं, कान बांद." मग हनुमंत आला.

"पप्पा, विहारात बोलायला लावलं तर काय सांगू?"

"शिकली ते सांग."

"सायकल शिकले म्हणू?"

"पास झालीस न्हवं?"

"झाले ना."

"मंग आब्यास केला म्हनूनच झालीस. बाकीचं कशाला मनाला लावून घेतीस?" त्यानं हातातली तार खाली ठेवली. "हे बग. बाबासाहेब काय निस्तं पुस्तकं वाचाया गेलतं व्हय? तितं मान वर करून कुटंबी जाता येतं, कोन आडवत न्हाई, हे बी त्यांनी बगितलं आसंल का न्हाई? ते बगूनच आल्यावर हितल्यांना सांगितलं आसंल. आमाला तर ते कदी बगाया मिळालं न्हाई. तू बगितलं. सांग की लोकांना."

यशोधराच्या डोळ्यांत वाऱ्यानं वाळू गेल्यासारखं झालं.

"आन् येक," हनुमंत म्हणाला, "ब्यागेत उगं वजन करू नको. चॉकलेटं मातूर आन. दुकानात समदी इचारत्यात."

विहारातली सभा जुलैत झाली. यशोधरा माइकवर उभी राहिली. आधी बटाट्याचं बोलली, ते ऐकायला शेतकरी पुढं सरकून बसले आणि अंधाऱ्या, गार गोदामाबद्दल त्यांनी बरंच काही विचारलं. मग तिनं सायकलचं सांगितलं, बदकिणीसकट. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. शेवटी ती म्हणाली, "तिथं मी कुठल्याही रस्त्यानं गेले तरी मला कुणी 'कोण, कुठली, कुणाची' असं विचारलं नाही. ते मला फार बरं वाटलं." एवढंच बोलून ती बसली. साळुबाई म्हणून एक म्हातारी मागं बसली होती, ती बाहेर पडताना तिचा दंड धरून म्हणाली, "लई ग्वाड बोललीस." मग खालच्या आवाजात, "पडल्यावर लई लागलं का गं?"

पुढच्या वर्षी यशोधराचं शिक्षण पूर्ण झालं. आता ती मंचरजवळच्या एका शीतगृहात काम करते. बटाट्याची पोती आत येताना आणि बाहेर जाताना त्यांचं तापमान, ओल, कोंब सगळं तिला बघावं लागतं. ती स्कूटीवरून जाते. हनुमंत सकाळी दुकानाच्या दारात उभा असतो. ती दिसेनाशी झाली की आत जाऊन कामाला लागतो. त्याची काळजी गेली असं नाही, पण त्या काळजीबरोबर राहायला तो शिकलाय.

परवाच्या रविवारी यशोधरा आईबरोबर भाजी आणायला गेली होती आणि फोन दुकानात विसरली. तो वाजला. हनुमंतनं उचलला, तर स्क्रीनवर फातुमा. यशोधरा परत आली तेव्हा हनुमंत फोन रिळाला टेकवून, हात बांधून, खुर्चीत नीट बसला होता. फातुमा तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगत होती. मधेच हसत होती. हनुमंत मान डोलावत होता आणि "व्हय, व्हय. बरुबर हाय," म्हणत होता. मग तो मराठीत तिला कांद्याच्या बाजाराचं सांगू लागला आणि तिकडून फातुमाही तशीच मान डोलावू लागली.

"काय म्हणत होती?" फोन बंद झाल्यावर आईनं विचारलं.

"काय की," हनुमंत म्हणाला. "पन लई खुशीत व्हती."

आणि तो पुन्हा तार गुंडाळायला बसला.